कीर्द आधी, खतावणी मागून

विंडोज 98 वापरलेल्या प्रत्येकाला तो निळा पडदा आठवत असेल. वीज जायची, कॉम्प्युटर धप्पकन बंद पडायचा, आणि वीज आल्यावर पुन्हा सुरू केला की आधी स्कॅनडिस्क हजर. तुम्ही विंडोज नीट बंद केलं नाहीत, म्हणून डिस्कवर चुका झालेल्या असू शकतात, हा निरोप पुन्हा नको असेल तर नेहमी 'शट डाउन' करूनच बंद करत जा, असं आधी सुनवायचं आणि मग तपासणीला लागायचं. आता वीज गेली त्यात आमचा काय गुन्हा? पण यंत्राला ते कळायला मार्गच नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं, की डिस्कवरची एक खूण 'उघडी' राहिलेली आहे. डिस्क वापरायला घेताना ती खूण उघडी करायची, नीट बंद करताना मिटवायची. सुरू होताना उघडी सापडली, म्हणजे मागच्या वेळी काहीतरी अर्धवट राहिलं. बस्स, एवढाच पुरावा.

या एवढ्याशा खुणेच्या मागे बराच मोठा इतिहास आहे. मी इतिहास शिकवायचे, पण पुस्तकातला. हा इतिहास मात्र एका घरगुती निमित्ताने माझ्या गळ्यात पडला. ते निमित्त पुढे सांगते, आधी मूळ गोष्ट.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये. 1969 साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी तिथे युनिक्सची सुरुवात केली. नोव्हेंबर 1971 मध्ये तिची पहिली हस्तपुस्तिका निघाली. तिच्यात 'माउंट' ही आज्ञा आहे, आणि डिस्कवरचा हिशोब जुळतो का ते बघणारी 'चेक' ही आज्ञासुद्धा आहे. दोघी पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी! म्हणजे डिस्क चढवण्याइतकीच ती बिघडण्याची खात्री तेव्हाही होती.

'चढवणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या वेळची सुटी डिस्क म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा मोठी जड चकती, प्लास्टिकच्या पेटीत बंद. तिच्यात मावायचं साधारण अडीच मेगाबाइट. आजच्या फोनमधला एक बरा फोटोही त्यात बसायचा नाही. माणूस उठून ती पेटी यंत्रात सरकवायचा, हे झालं हातानं चढवणं. मग यंत्राला सांगायचं, की बाई गं, अमुक खणात चकती चढवली आहे, तिच्यावरच्या फायली अमुक फांदीवर लटकव. ही झाली माउंट आज्ञा. पुढे डिस्का यंत्राच्या पोटात कायमच्या स्क्रूने आवळल्या गेल्या, आता तर पेन ड्राइव्ह नखाएवढा झाला, तरी शब्द तोच राहिला. (आपण नाही का अजून फोन 'फिरवतो'!)

1979 साली निघालेल्या सातव्या आवृत्तीच्या हस्तपुस्तिकेत या आज्ञेखाली दोष म्हणून सरळ नोंद आहे, की कचरा भरलेली डिस्क चढवलीत तर अख्खी यंत्रणा कोसळेल. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. आजकाल औषधाच्या खोक्यावरही इतकं स्वच्छ लिहीत नाहीत.

पण डिस्कवर कचरा येतो कुठून? त्यासाठी आतली मांडणी थोडी समजून घ्यायला हवी. शिक्षकांना ती चटकन कळेल. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, फक्त बैठक क्रमांक असतो. कोणता क्रमांक कुणाचा, ही यादी वेगळी. युनिक्सनं अगदी हेच केलं. प्रत्येक फाइलचा एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाचं एक कार्ड. त्याला 'आयनोड' म्हणतात. कार्डावर फाइल केवढी, कुणाची, शेवटची केव्हा बदलली, तिचा मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या कप्प्यांत आहे, हे सगळं असतं. नाव तेवढं नसतं. नावं असतात डिरेक्टरीत, म्हणजे वेगळ्या यादीत. मोकळे कप्पे किती आणि कुठले, याची आणखी एक यादी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर 'सुपरब्लॉक', म्हणजे त्या डिस्कची कुंडलीच.

आता एक नवी फाइल करायची तर काय काय लिहावं लागतं बघा. मोकळ्या यादीतून कप्पा काढा, कार्ड भरा, डिरेक्टरीत नाव घाला, मजकूर लिहा. चार जागी चार नोंदी. डिस्क संथ, म्हणून यंत्रणा या नोंदी आधी मेमरीत ठेवायची आणि दर तीस सेकंदांनी एकदम डिस्कवर उतरवायची. या तीस सेकंदांत वीज गेली, की दोन नोंदी उतरलेल्या आणि दोन हवेत. जुने ऑपरेटर यंत्र बंद करण्याआधी 'सिंक' ही आज्ञा तीनदा टाइप करायचे, ते यासाठी. पहिल्या आज्ञेने नोंदी उतरायला लागायच्या, आणि उरलेल्या दोन टाइप करण्यात जो वेळ जायचा तेवढ्यात डिस्कचं काम आटोपायचं. पुढे लोक कारण विसरले आणि 'तीनदा सिंक' हे व्रत म्हणून चालू राहिलं. आचमनासारखं.

युनिक्सच्या आधी मल्टिक्स नावाची मोठी यंत्रणा होती. थॉम्प्सन आणि रिची दोघेही त्या कामावर होते. मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. मल्टिक्सचा निम्मा प्रोग्राम चुका सावरण्यातच खर्च होतो, असं ते रिचींशी बोलताना म्हणाले. त्यावर रिचींनी सांगितलं, की आम्ही तो सगळा भाग गाळूनच टाकला. चूक झाली की यंत्र 'पॅनिक' होऊन थांबतं, आणि कुणीतरी व्हरांड्यात ओरडून सांगतं, की बाबा, परत सुरू कर रे. आठ-दहा जणांच्या खोलीत हे खपून गेलं. पण पुढे युनिक्स विद्यापीठांत, कचेऱ्यांत गेलं. तिथे व्हरांड्यात ओरडून कोण ऐकणार?

कोसळल्यावर डिस्क सावरायचं काम तेव्हा माणूस हातानं करायचा. आयचेक, डीचेक, एनचेक असे तीन वेगवेगळे तपासनीस होते. एक कप्पे मोजायचा, दुसरा नावं आणि कार्डं जुळवायचा, तिसरा क्रमांकावरून नाव शोधून द्यायचा. त्यांनी नुसती तक्रार करायची आणि निर्णय माणसानं घ्यायचा. कार्ड बिघडलेलं दिसलं तर 'क्लिआरआय' नावाच्या आज्ञेनं ते पुसून टाकायचं. क्रमांक चुकून दुसरा टाइप झाला, तर धडधाकट फाइल जायची. हे काम जाणणारा एखादाच असायचा, आणि तो रजेवर असला की सगळे हात चोळत बसायचे.

मग आला 'एफएससीके'. हा लिहिला बेल लॅब्जमधल्या टी. जे. कोवाल्स्की यांनी, 1970 च्या दशकात. तिघा तपासनिसांचं काम एकानं, तेही पाच फेऱ्यांमध्ये. पहिल्या फेरीत प्रत्येक कार्ड बघायचं, कप्पे जुळतात का, एकच कप्पा दोघांच्या नावावर तर नाही ना. (एकाच गटाचा सातबारा दोन भावांच्या नावावर निघाला की काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको.) दुसऱ्या फेरीत नावं आणि वाटा. तिसरीत सगळ्या डिरेक्टऱ्या मुळाशी जोडलेल्या आहेत ना. चौथीत प्रत्येक कार्डाला किती नावं आहेत त्याची मोजणी, आणि पाचवीत मोकळ्या कप्प्यांची यादी. शाळेच्या सहलीत बसमध्ये चढताना, उतरताना आणि जेवणाच्या पंगतीला आम्ही मुलं मोजायचो, तसंच. आणि दर गडबडीला तो विचारायचा: दुरुस्त करू? होय की नाही?

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे 'लॉस्ट+फाउंड'. एखादं कार्ड शाबूत आहे, त्याचा मजकूरही आहे, पण कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. म्हणजे उत्तरपत्रिका आहे, पण नावांची यादी फाटली. ती फेकून द्यायची? नाही. एफएससीके तिला लॉस्ट+फाउंड नावाच्या डिरेक्टरीत नेऊन ठेवतो. नाव माहीत नसल्यामुळे तिचा क्रमांक हेच नाव. विंडोजवाल्यांनी स्कॅनडिस्कनंतर 'फाइल0000.सीएचके' अशा नावांच्या फायली पाहिल्या असतील, त्या याच जातीच्या.

बर्कलीच्या विद्यापीठात मार्शल कर्क मॅक्युसिक आणि मंडळींनी पुढे आणखी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक म्हणजे तपासणी यंत्र सुरू होतानाच आपोआप व्हावी, किरकोळ गोष्टी न विचारता दुरुस्त कराव्यात, आणि नेहमीच्या पठडीबाहेरचं काही दिसलं तरच थांबून माणसाला हाक मारावी. दुसरी म्हणजे सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कभर ठिकठिकाणी ठेवाव्यात. 1983 च्या त्यांच्या आवृत्तीत 32 क्रमांकाच्या कप्प्यावर एक पर्यायी प्रत नक्की सापडायची. हीच सोय लिनक्सच्या ext2 मध्येही आली (हे उच्चारायचं 'ई-एक्स-टी-टू', म्हणून यापुढे मी 'ईएक्सटी2' असंच लिहिते). तिथे प्रत 8193 किंवा 32768 या कप्प्यावर असते, कप्पा केवढा आहे त्यावर अवलंबून. मूळ कुंडली जळाली तर सांगायचं, की 32768 वरची वाच. पुष्कळदा 'चढतच नाही' म्हणून सोडून दिलेली डिस्क एवढ्यानं चढते.

आता ते निमित्त.

2005 सालच्या मे महिन्यात माझी थोरली बहीण, अक्का, आमच्याकडे राहायला आली होती. भाच्यानं एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलं होतं, डिस्कची मांडणी ईएक्सटी2 ची. अक्का त्यावर रोज दुपारी एकेका बोटानं टाइप करायची. आमचं गाव, विहीर, आजीची सोवळ्यातली भांडणं, बाळंतिणीच्या खोलीतल्या गप्पा. नातेवाइकांपैकी पुष्कळांनी त्या आठवणी नंतर वाचल्या आहेत. भारनियमनाचे दिवस होते, पण वीज ठरल्या वेळी जायची म्हणून आधीच सगळं बंद करून ठेवायचो. त्या दिवशी ती ठरल्या वेळेच्या तासभर आधी गेली. आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. नंतर यंत्र सुरू होईना. पांढऱ्या अक्षरांत एवढंच, की घरच्या फायलींचा भाग चढवता येत नाही, देखभालीसाठी पासवर्ड द्या.

भाचा पुण्याहून आला. त्यानं आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली, मगच एफएससीके चालवला. प्रश्नांची रांग लागली. 'होय, होय, होय.' शेवटी अक्काची डिरेक्टरी नाहीशीच झालेली होती, आणि लॉस्ट+फाउंडमध्ये तेवीस फायली, नुसत्या क्रमांकांच्या. मजकूर जवळजवळ सगळा शाबूत. कार्डावर तारखा असतात म्हणून कुठली कधी लिहिली तेही कळलं. नावं मात्र गेली. अक्कानं दिलेली नावं फार मजेदार होती एवढं मला आठवत होतं, पण मी ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती आणि ठेवायचं कारणही नव्हतं. अक्काला एकेक फाइल उघडून दाखवली. ती म्हणाली, "नाव काय होतं कोण जाणे, आता हे ठेव." आणि तिनं सगळ्यांची नव्यानं बारशी केली. आज आमच्याकडे आहेत ती ही दुसरी नावं.

एक फाइल मात्र रिकामी निघाली. कार्ड होतं, तारीख होती, आत शून्य बाइट. वीज गेली तेव्हा ती तिच्यावरच काम करत होती. आमच्या वडिलांच्या तुरुंगातल्या दिवसांबद्दल होतं, 1942 चं. पुन्हा लिही म्हणून मी तिच्या मागे लागले. "एकदा सांगून झालं माझं," म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या घरी गेली. त्यानंतर तिनं ते कधी लिहिलं नाही.

तेव्हा मी भाच्याला विचारलं होतं, की एफएससीकेनं तर शेवटी सांगितलं सगळं ठीक आहे, मग ही फाइल रिकामी कशी? तो म्हणाला, "मावशी, हिशोब ठीक आहे असं म्हणतो तो. रिकाम्या फाइलचा हिशोबही बरोबरच असतो." हे ऐकल्यावर मी या विषयाच्या मागे लागले.

पुढचा इतिहास याच हिशोबाचा आहे. डिस्का मेगाबाइटांच्या होत्या तोवर सगळी कार्डं मोजणं मिनिटांचं काम होतं. गिगाबाइटांच्या झाल्या तसं ते तासांवर जायला लागलं. त्यावरचा तोडगा आपल्या पेढीवरच्या मुनीमजींना शंभर वर्षं ठाऊक होता. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत, क्रमानं लिहायचा. खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मागाहून सावकाश चढवायचा. खतावणी लिहिता लिहिता दिवा गेला तरी बिघडत नाही, कीर्द उघडून राहिलेलं पुन्हा चढवा. कीर्दीतली नोंदच अर्धी असेल तर ती झालीच नाही असं समजा. डेटाबेसवाले हे आधीपासून करत होते. फाइलींसाठी ते झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत 'सीडर' नावाच्या यंत्रणेत झालं, रॉबर्ट हॅगमन यांचा त्यावरचा निबंध 1987 चा. 1990 साली आयबीएमच्या एआयएक्समध्ये ते आलं, 1993 मध्ये विंडोज एनटीच्या एनटीएफएसमध्ये. इंग्रजीत याला 'जर्नल' म्हणतात, आणि जर्नल म्हणजे कीर्दच की!

लिनक्समध्ये हे काम स्टीफन ट्वीडी यांनी केलं. त्यांचा निबंध 1998 चा, आणि ईएक्सटी3 लिनक्सच्या मूळ प्रतीत दाखल झालं नोव्हेंबर 2001 मध्ये, 2.4.15 या आवृत्तीत. त्यांची हुशारी अशी, की जुनी ईएक्सटी2 ची डिस्क मोडायची नाही, तिच्यावरच एक वही आणून ठेवायची. एका आज्ञेत जुनी पेढी नव्या पद्धतीची. गंमत म्हणजे त्याच 2.4.15 मध्ये एक वेगळाच दोष निघाला. डिस्क नीट उतरवताना, म्हणजे सगळं रीतसर बंद करतानाच, कार्डं खराब व्हायची. दोष ईएक्सटी3 चा नव्हता, आणि दुरुस्त केलेली 2.4.16 काही दिवसांतच आली. पण सुरक्षिततेची वही आणि नवी आपत्ती एकाच गाडीतून उतरल्या, हे खरं.

वही आल्यावर तासांची तपासणी सेकंदांवर आली. मात्र त्या वहीत नेहमी काय लिहितात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मजकूरही आधी वहीत लिहायची सोय ईएक्सटी3 मध्ये आहे, पण मग सगळंच दोनदा लिहावं लागतं आणि यंत्र मंदावतं. म्हणून नेहमीच्या पद्धतीत वहीत फक्त कार्डं, नावं आणि याद्या यांचे बदल असतात. तुमचा मजकूर नाही. एवढी काळजी घेतात, की मजकूर आपल्या जागी उतरल्यावरच त्याचं कार्ड पक्कं करायचं. ही वही साधारण दर पाच सेकंदांनी पक्की होते. अक्काच्या वेळी ईएक्सटी3 असतं तर तिची डिरेक्टरी बहुतेक वाचली असती, नावंही वाचली असती. वडिलांची फाइल वाचली असती का, याचं उत्तर त्या पाच सेकंदांत कुठेतरी आहे.

ईएक्सटी4 आलं 2008 च्या अखेरीस. ते जागा वाटपाचं काम आणखी लांबवतं, म्हणजे वेग वाढतो. 2009 च्या सुरुवातीला लोकांनी बोंब मारली, की यंत्र कोसळल्यावर परत सुरू केलं तर आमच्या फायली शून्य बाइटच्या! थिओडोर त्सो यांनी तेव्हा बाजू मांडली ती तर्काला धरून होती. मजकूर आत्ताच्या आत्ता डिस्कवर हवा असेल तर प्रोग्रामनं तसं स्पष्ट मागायला हवं, त्यासाठी 'एफसिंक' आहे, न मागता देण्याचं वचन कुणी दिलंच नव्हतं. नियमानं बरोबर. पण लोकांना ईएक्सटी3 च्या पाच सेकंदांची सवय झाली होती, आणि सवयीलाच ते वचन समजत होते. शेवटी त्सो यांनीच नेहमीच्या दोन प्रसंगांपुरती सवलत घातली. माझं मत विचाराल तर मी लोकांच्या बाजूची. फाइल रिकामी सापडलेल्या माणसाला नियम दाखवून काय उपयोग?

याच सुमारास सनच्या झेडएफएसनं (2005) वेगळीच वाट धरली. जुन्यावर लिहायचंच नाही, नवं दुसरीकडे लिहायचं आणि पूर्ण झालं की मुळाचं बोट नव्याकडे वळवायचं. तिथे एफएससीके नाहीच. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनांत मात्र 2010 च्या नेक्सस एसपासून ईएक्सटी4 शिरलं, आणि त्या वेळी फोनसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पुन्हा तीच एफसिंकची आठवण करून द्यावी लागली.

डिस्क चढत नाही म्हणून माझ्याकडे अधूनमधून फोन येतात (म्हातारीला कळतं अशी अफवा आहे), म्हणून थोडं लिहून ठेवते. आधी ती खरंच बिघडली आहे की नुसतं तिचं नाव बदललं आहे ते बघा. 2007 च्या आसपास लिनक्सनं डिस्कांची नावं 'एचडीए'वरून 'एसडीए' केली, तेव्हा कितीतरी यंत्रं निव्वळ यादीतल्या जुन्या नावामुळे अडली होती. आता त्या यादीत डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक लिहितात, पण डिस्क काढून घेतली आणि तिची ओळ यादीत राहिली तर यंत्र अजूनही अडून बसतं. खरी बिघडली असेल तर आधी प्रत काढा, डीडीरेस्क्यूनं. डिस्क घरघरत असेल तर जास्तच घाईनं. मग एफएससीके 'फक्त सांग, काही बदलू नकोस' अशा पद्धतीनं चालवा आणि तो काय काय करणार ते वाचा. चढलेल्या डिस्कवर तो कधीही चालवू नका. सगळ्यांना 'होय' म्हणणारा पर्याय सगळ्यात शेवटी, आणि तोही प्रतीवर.

आजही ईएक्सटी4 ची नवीकोरी डिस्क उघडलीत तर तिच्यात एक डिरेक्टरी आयती असते, लॉस्ट+फाउंड. पुष्कळ लोक ती रिकामी बघून काढून टाकतात. तिचा आकार बघा. साधी रिकामी डिरेक्टरी 4096 बाइटची असते, ही 16384 ची. डिस्क बिघडल्यावर नव्यानं जागा मागणं धोक्याचं, म्हणून तिच्यात नावांसाठी रिकाम्या ओळी आधीच आखून ठेवलेल्या असतात.